जुने एफपीव्ही गॉगल्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एफपीव्ही गॉगल्स म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र थेट डोळ्यांसमोर आणणारे उपकरण. आत दोन छोटे पडदे, त्यांच्यापुढे भिंगे आणि चित्र पकडणारा रिसीव्हर असतो. स्वस्त, पेटीसारख्या प्रकारात दोनऐवजी एकच मोठा पडदा असतो. आपटतो तो ड्रोन, गॉगल्स डोक्यावरच असतात. म्हणून ते डोळे झाकून विकत घ्यावेत, असा सर्रास समज आहे.

वस्तुस्थिती अशी की गॉगल्स आपटून कमी आणि उन्हाने जास्त मरतात. मैदानात भिंगे वर करून ठेवलेल्या गॉगल्समध्ये ऊन शिरले की भिंग ते पडद्यावर एकवटते आणि थोड्याच वेळात पडदा भाजतो. त्यासाठी गॉगल्स चालू असावे लागत नाहीत. त्यामुळे ‘फारसे वापरलेलेच नाहीत’ या आश्वासनाला इथे काही अर्थ नाही. हा डाग बंद पडद्यावर किंवा काळ्या मेनूवर सहसा दिसत नाही. ड्रोनचा कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून, एक डोळा मिटून, दोन्ही पडदे वेगवेगळे पाहावेत. भाजल्याची खूण पिवळट-तपकिरी ठिपक्यासारखी असते किंवा रेघेसारखी, कारण सूर्य सरकतो तसा प्रकाशबिंदूही सरकतो. मेलेला पिक्सेल बारीक, रेखीव आणि एकाच जागी असतो. भिंगावरची धूळ मात्र पुसट दिसते आणि डोळा हलवला की जागा बदलल्यासारखी वाटते. धूळ निघते, भाजलेला पडदा दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

दुसरा गैरसमज खिशाला जास्त चाट लावतो: कोणताही गॉगल कोणत्याही ड्रोनला चालतो. ५.८ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅनालॉग यंत्रणेत हे बहुतांशी खरे आहे. फॅट शार्कचा अ‍ॅनालॉग गॉगल दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरचे चित्र दाखवतो. डिजिटलमध्ये मात्र डीजेआय, वॉकस्नेल आणि एचडीझीरो यांचा एकमेकांशी मेळ नाही. एकाच कंपनीतही पिढ्या आड येतात. डीजेआयचा २०१९ चा पहिला एफपीव्ही गॉगल ड्रोनवरून चित्र पाठवणाऱ्या ओ३ एअर युनिटला चालत नाही. त्यानंतरचा व्ही२ ओ३ ला चालतो, पण ओ४ ला नाही. गॉगल्स २ दोन्हींना चालतो, मात्र फर्मवेअर ताजे हवे. स्वस्तात मिळालेला व्ही२ पुष्कळदा याच कारणाने स्वस्त असतो.

‘चालू होतो, म्हणजे ठीक आहे’ हेही अर्धसत्य. अनेक अ‍ॅनालॉग गॉगल्समध्ये दोन रिसीव्हर असतात आणि ज्याचे चित्र चांगले, ते पडद्यावर येते. त्यामुळे एक बंद पडला तरी जवळच्या अंतरावर काही कळत नाही. आळीपाळीने एकेक अँटेना काढून पाहिले की लगेच उमगते. डिजिटल गॉगल्सवर हा प्रयोग करू नये: ते सिग्नल पाठवतातही, आणि अँटेनाविना चालवल्यास नुकसान होऊ शकते. अँटेना बदललेल्या असतील तर त्यांच्या ध्रुवणाची दिशा विचारावी. ड्रोनवर डाव्या आणि गॉगलवर उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाची अँटेना असली तर चित्र लवकर तुटते आणि दोष उगाच चांगल्या रिसीव्हरवर येतो.

चष्मा असलेल्यांना ‘यात नंबर लावता येतो’ असे सांगितले जाते. गॉगल्स २ मध्ये +२ ते −८ पर्यंत नंबर चकती फिरवून जुळवता येतो, व्ही२ मध्ये ती सोयच नाही. वेगळी भिंगे बसवावी लागतात. सिलिंड्रिकल नंबर मात्र या चकतीने जात नाही. डोळ्यांमधले अंतरही जुळायला हवे: व्ही२ मध्ये ते ५८ ते ७० मिलिमीटर, गॉगल्स २ मध्ये ५६ ते ७२. थोडा वेळ लावून बसल्याशिवाय हे कळत नाही.

फाटका फोम, सैल पट्टा, फुगलेली बॅटरी पाहून लोक चांगला गॉगल नाकारतात. या गोष्टी बदलता येतात. त्यांच्या नावाने किंमत पाडून घ्यावी. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करून पाहू नये.

पडदा आणि रिसीव्हर जिवंत चित्रावरच तपासता येतात. विक्रेता ड्रोन चालू करून चित्र दाखवायला तयार नसेल, तर तो गॉगल बिघडलेला समजूनच भाव करावा किंवा सोडून द्यावा.