घरामागील कारखान्यांत वीज नेतांना

पूर्णा हें मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील रेल्वेचें जंक्शन. हिंगोली-वाशिमवरून अकोल्याकडे जाणारा फांटा येथूनच निघतो. रेल्वेच्या अशा गांवीं एखाद्या निवृत्त फिटरानें परसांत पत्र्याची शेड उभारून लहानसें लेथ किंवा ड्रिल-मशीन बसवावें, यांत नवल नाहीं. यंत्राची निवड करण्यांत असा गृहस्थ महिनेच्या महिने घालवितो. वीज नेण्याचें काम मात्र एका संध्याकाळीं उरकतो. घरांतील प्लगाला तार जोडावी, खिडकींतून बाहेर काढावी, पत्र्याच्या छिद्रांतून शेडमध्यें ओढावी, कीं दिवा लागला! परंतु दिवा लागला म्हणजे काम झालें, ही समजूतच घातक होय. दिवा लागण्यास दोन तारा पुरतात. माणूस सुरक्षित राहण्यास तिसरी लागते, आणि ती तिसरी वाट खुली आहे कीं बंद, हें दिवा कधींच सांगत नाहीं.

प्रथम तारेच्या जाडीचा विचार करूं. पाट अरुंद असला कीं शेवटच्या वाफ्याला पाणी पोंचत नाहीं. विजेचेंही तसेंच आहे. १ अश्वशक्तीची एकफेजी मोटर चालतांना सुमारें ६ अँपिअर प्रवाह घेते, पण सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या पांचपट, म्हणजे ३० अँपिअरपर्यंत मागते. शेड मीटरपासून ३० मीटर दूर असली, तर जाण्यायेण्याची मिळून तार ६० मीटर होते. दिव्यांसाठीं वापरली जाणारी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतल्यास तिचा रोध सुमारें ०.७ ओहम भरतो, आणि मोटर सुरू होतांना २१ व्होल्ट वाटेंतच गळून जातात. मुळांतच दाब उतरलेला असला तर मोटर नुसती घुमते, फिरत नाहीं. तापते आणि तिचें वेष्टण जळतें. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली, तर गळती ८ व्होल्टांवर येते. तारेंत वांचविलेले पैसे मोटरीच्या दुरुस्तींत जातात, तें असें.

ही तार घरांतील प्लगापासून न निघतां मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून, स्वतंत्र एम्. सी. बी.मधून निघावी. उघड्यावरून लोंबकळत नेण्यापेक्षां पोलादी कवचाची केबल जमिनींत सुमारें ७५ सेंटिमीटर खोल घालावी, तिच्याखालीं-वर वाळू पसरावी आणि वर विटा मांडाव्या. म्हणजे पुढें कुदळ मारणाऱ्याला विटा आधीं लागतात. शेडच्या पत्र्याची कडा सुरीसारखी धारदार असते. तिला तार घासली कीं वेष्टण कापलें जातें आणि सगळी शेडच विजेनें भारली जाते. म्हणून आंतील तारा नळींतूनच न्याव्या.

आतां तिसऱ्या वाटेकडे वळूं. यंत्राच्या आंत एखादी तार सुटून लोखंडी अंगाला टेकली, तर त्या अंगावर २३० व्होल्टांचा दाब येतो. हा प्रवाह माणसांतून न जातां जमिनींत जावा, म्हणून यंत्राचें अंग हिरव्या तारेनें अर्थिंगला जोडतात. परंतु मराठवाड्याची काळी जमीन येथें फसविते. पावसाळ्यांत ती ओल धरून फुगते आणि वीज सहज वाहूं देते. उन्हाळ्यांत तीच आकसते, भेगाळते आणि पुरलेल्या नळाला सोडून बाजूला सरकते. जुलैमध्यें उत्तम ठरलेलें अर्थिंग मे महिन्यांत नांवापुरतें उरतें. समजा, त्याचा रोध वाढून ५० ओहम झाला. मग २३० व्होल्टांच्या दाबानें त्यांतून फार तर ४.६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरची एम्. सी. बी. त्याची दखलही घेणार नाहीं. ती पडणार नाहीं, दिवाही लागलेला राहील, आणि यंत्राचें अंग मात्र स्पर्शाची वाट पाहत तसेंच राहील. फ्यूज आणि एम्. सी. बी. यांचा जन्म तारेला जळण्यापासून वांचविण्यासाठीं झाला आहे, माणसासाठीं नव्हे. ६० वॉटचा दिवा पाव अँपिअरहून किंचित् अधिक प्रवाह घेतो. त्याच्या निम्माही छातींतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यु ओढवूं शकतो.

माणसासाठीं वेगळा पहारेकरी आहे: आर्. सी. सी. बी. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांचा तो सतत हिशेब ठेवतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे वीज कोठेंतरी आडवाटेनें निसटत आहे असें ओळखून निमिषार्धांत प्रवाह तोडतो. मात्र एका हातानें फेज आणि दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरणाऱ्याला तोही वांचवूं शकत नाहीं, कारण त्याच्या हिशेबांत तफावतच पडत नाहीं. म्हणून अर्थिंग आणि हा पहारेकरी दोन्ही हवेत. एकाच्या भरंवशावर दुसऱ्याला रजा देऊं नये.

दोन बारीक गोष्टी अनुभवी कारागीरही विसरतात. शेडमधील दिवे यंत्राच्या सर्किटवर नसावे. नाहीं तर यंत्राची एम्. सी. बी. पडतांच अंधार होतो आणि लेथचा चक मात्र कांहीं क्षण फिरतच असतो. तसेंच, वीज जाऊन परत आली कीं बंद न केलेलें यंत्र आपोआप सुरू होऊं नये, म्हणून दाब जातांच सुटणारा स्टार्टर बसवावा.

हें काम परवानाधारक वीज-कंत्राटदाराकडून करून घ्यावें, त्याचा चांचणी-अहवाल जपून ठेवावा, आणि भार वाढत असेल तर महावितरणकडे मंजुरीचा अर्ज आधीं करावा. शेडमध्यें धंदा सुरू करावयाचा असेल तर घरगुती जोडणी त्यास चालेलच असें नाहीं. परवानगीवेगळ्या कारणासाठीं विजेचा वापर हा २००३ च्या वीज कायद्यान्वयें अनधिकृत ठरतो.

एवढें झाल्यावर गृहस्थाकडे दोनच कामें उरतात. महिन्यांतून एकदां आर्. सी. सी. बी.वरील चांचणीचें बटण दाबून पाहावें. तो पडला नाहीं तर दुरुस्ती होईपर्यंत शेड बंद. आणि उन्हाळ्यांत सकाळीं तुळशीला पाणी घातलें कीं एक घागर अर्थिंगच्या खड्ड्यांतही ओतावी. मग आजोबांच्या ड्रिल-मशीनला नातवाचा हात चुकून लागला, तरी घरांतील कोणाचा जीव टांगणीला लागणार नाहीं.