‘तोडा होऊ दे, मग बघू’ : एचआयव्ही उपचाराविषयीचे गैरसमज

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात मोठं काम हंगाम बघून ठरतं. संत्र्याचा तोडा होऊ दे, कापूस घरी येऊ दे, पोळा आणि गोटमारीची जत्रा आटोपू दे. एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी अनेक घरांत हेच वाक्य येतं. सोबत एक जुनी समजूतही येते : अजून काही त्रास नाही, मग औषध आत्तापासून कशाला? या दिरंगाईची किंमत फार मोठी असते, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोललं पाहिजे.

ही समजूत लोकांच्या मनात उगीच बसलेली नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाची औषधं आजच्यापेक्षा जास्त त्रासाची होती. त्यामुळे रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली उतरल्यावरच ती देत. हा आकडा आधी २०० होता, पुढे तो ३५० आणि ५०० पर्यंत वर गेला. ‘अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी या’ असं तेव्हा खुद्द डॉक्टरच सांगत आणि तेच गावोगाव लक्षात राहिलं.

२०१५ साली ‘स्टार्ट’ या अभ्यासाने तो सल्ला मोडीत काढला. ३५ देशांतले ४,६८५ जण त्यात होते आणि सगळ्यांचे सीडी४ ५०० च्या वर, म्हणजे दिसायला सगळे धडधाकट. निम्म्यांना लगेच औषध दिलं, बाकीच्यांना सीडी४ ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबवलं. लगेच सुरू करणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी निघालं. फरक इतका स्पष्ट होता की ठरलेल्या मुदतीआधीच सगळ्यांना औषध देऊ केलं गेलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सीडी४ ची अट काढली. भारताने ती २८ एप्रिल २०१७ ला काढली. सीडी४ आजही तपासतात, पण शरीर किती खचलं आहे हे कळावं म्हणून. त्या रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवायचं नसतं. निदान पक्कं झाल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि माणसाची तयारी असेल तर त्याच दिवशी पहिली गोळी, असं आजचं धोरण आहे.

निदान पक्कं मात्र झालं पाहिजे. खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नये आणि घरीही बसू नये. आयसीटीसी या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच निदान देतात.

‘औषध फार गरम पडतं’ ही आपल्याकडची आवडती तक्रार. आता बहुतेकांना टीएलडी देतात. बाटलीत ३० गोळ्या, रोज एक. एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात. जेवणाआधी घ्या की नंतर, चालते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी किंवा झोपमोड होऊ शकते. बहुतेकांची ती काही आठवड्यांत थांबते. टेनोफोव्हिरमुळे किडनीची तपासणी करत राहतात. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यांच्यामुळे डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते तेच सांगतील. जडीबुटीने एचआयव्ही बरा करून देतो म्हणणाऱ्याकडे घालवलेले महिने विषाणूच्या पथ्यावर पडतात.

जोडीदाराला लागण होईल ही भीती सगळ्यात मोठी असते आणि तिचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात १,७६३ जोडपी होती, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. त्यात पुणे आणि चेन्नईचीही जोडपी होती. औषध लवकर सुरू केल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये दिसलं. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि गोळी नियमित चालू राहिली, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं. तिथवर पोहोचायला साधारण सहा महिने लागतात. तोवर निरोध वापरायचाच. गर्भवतीने तर एक दिवसही थांबू नये, तिच्या गोळीने बाळही वाचतं.

थोडं थांबावं लागतं ते एका खऱ्या कारणासाठी. खोकला, ताप, रात्री घाम, वजनात घट असेल तर आधी टीबी तपासतात. टीबी निघाला तर त्याचं औषध आधी आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी. मेंदूच्या आवरणाला टीबी किंवा बुरशीची लागण असेल, तर एआरटी काही आठवडे पुढे ढकलतात, नाहीतर मेंदूची सूज जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण घरी ठरवायचं नाही.

‘दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं तर?’ ही धास्ती खरी आहे, तिला हसू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्हीविषयीच्या कायद्याने रुग्णाची माहिती संमतीशिवाय उघड करायला आणि नोकरी, शाळा किंवा उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. सौसर-पांढुर्ण्याची माणसं एरवीही उपचाराला नागपूर गाठतात. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही एआरटी मिळते. काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत. कामासाठी गाव सोडावं लागलं तर निघण्याआधी आपल्या एआरटी केंद्रात सांगावं : नाव नव्या गावच्या केंद्रात बदलून मिळतं आणि तब्येत स्थिर असेल तर एकदम काही महिन्यांच्या गोळ्याही देतात.