दोन प्रती जुळल्या नाहीत तर? स्कॅन केलेल्या दप्तरासाठी मिरर आणि फाइल सिस्टम

बडोद्यातल्या जुन्या घरांतून कागद आता पूर्वीपेक्षा लवकर बाहेर पडतात. वाडा पाडून फ्लॅट होतात, पुढची पिढी पुण्याला नाहीतर परदेशात असते, आणि रुमालात बांधलेले मोडी दप्तर कुणाच्या तरी माळ्यावर जाते. घरची मंडळी ते आपल्याला स्कॅनिंगपुरते देतात आणि परत नेतात. पुढे अस्सलाचे काय होते यावर आपला काही ताबा नसतो. त्यामुळे काही वर्षांनी आपल्याकडचे स्कॅन हीच त्या कागदाची एकमेव तालीक उरण्याची शक्यता असते. ती ठेवायची कशी, हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांवर सोपवण्यासारखा नाही, म्हणून हे टिपण.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. फुलस्केपएवढा कागद ४०० डीपीआयने, पूर्ण रंगात, न दाबता टिफ म्हणून साठवला तर एका पानाला सुमारे ५५ मेगाबाइट लागतात. अशी ६० हजार पाने म्हणजे ३.३ टेराबाइट. एखाद्या मंडळाचे दहा वर्षांचे काम एका ८ टेराबाइटच्या डिस्कवर आरामात मावते. (८ टेराबाइटची डिस्क लावल्यावर संगणक ७.२८ दाखवतो. दुकानदाराने फसवलेले नसते. तो हजाराच्या पटीत मोजतो, यंत्र १०२४ च्या.) म्हणजे आपली अडचण जागेची नाही, भरवशाची आहे.

भरवशाचा नेहमीचा उपाय म्हणजे मिरर: दोन डिस्क, दोन्हींवर तेच लिहायचे. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून काम घेण्याच्या कल्पनेला 'रेड' हे नाव १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधाने दिले, आणि मिररला त्यात 'रेड १' म्हटले जाते. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते.

पण डिस्क नेहमी अशी एकदम मरत नाही. कधीकधी ती चालू राहते आणि एखाद्या ठिकाणचा मजकूर चुकीचा देते, तेही कसलीच तक्रार न करता. सदोष केबल, डिस्कच्या आतल्या प्रणालीतला दोष, लिहायचे एकीकडे आणि लिहिले भलतीकडे, अशी कारणे असतात. आता दोन प्रतींमध्ये पाठभेद झाला. खरी कोणती? पोथ्यांचे संपादन केलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. तो अक्षर पाहतो, संदर्भ पाहतो, तिसरी प्रत शोधतो. साध्या मिररला यातले काहीच करता येत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर रेडला तपासणी करायला सांगितली तर तो इतक्या ठिकाणी फरक आहे असे मोजून देतो, आणि दुरुस्ती करायला सांगितली तर एक प्रत घेऊन दुसरीवर उतरवतो. जी घेतली तीच बिघडलेली असेल तर चांगली प्रतही गेली. वर दोन्ही प्रती आता अगदी जुळतात!

म्हणून माझ्या मते डिस्क किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की आपल्या फाइल सिस्टमला खरी प्रत ओळखता येते का. मोडी पत्रात मजकूर संपला तिथे मोर्तब बसते, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडू नये. चेकसम ही त्याच जातीची खूण आहे, फक्त पुष्कळ जास्त काटेकोर. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक छोटा आकडा काढून ठेवतात. एक बिट जरी बदलली तरी आकडा जुळत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम फार तर स्वतःच्या नोंदवहीपुरते चेकसम ठेवते, आपल्या स्कॅनमधल्या मजकुराचे नाही. विंडोजच्या एनटीएफएसचेही मजकुराच्या बाबतीत तेच.

झेडएफएस ठेवते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये तिचे काम सुरू केले, आणि २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. तिची खुबी अशी की चेकसम त्या तुकड्याजवळ न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवतात. त्यामुळे चुकीच्या जागी लिहिलेला मजकूरही पकडला जातो. मिररवर वाचताना एक प्रत जुळली नाही तर ती दुसरी तपासते, जुळणारी आपल्याला देते आणि बिघडलेली तिथल्या तिथे दुरुस्त करते. महिन्यातून एकदा 'स्क्रब' लावला की कुणी वर्षानुवर्षे न उघडलेले रुमालही तपासले जातात.

बीटीआरएफएस २००९ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तिच्यातही मजकुराचे चेकसम आहेत, आणि दोन डिस्कच्या मिररसाठी ती चालेल. तिचे रेड ५ आणि ६ मात्र वापरू नयेत. तिची अधिकृत माहितीपत्रकेच तसे बजावतात. झेडएफएसचा परवाना वेगळा असल्यामुळे ती लिनक्सच्या गाभ्यात नाही, वेगळी बसवावी लागते. उबंटूमध्ये ती मिळते, आणि ट्रूनॅस तर तिच्यावरच उभे आहे. मी झेडएफएसच्या बाजूचा आहे हे एव्हाना कळलेच असेल.

तीन डिस्क घेऊन दोन डिस्कची जागा मिळवू, असा काटकसरीचा सल्ला कुणीतरी देतोच. एक डिस्क गेल्यावर तिचा मजकूर परत मांडायला उरलेल्या दोन्ही पूर्ण बिनचूक वाचता याव्या लागतात. बऱ्याच घरगुती डिस्कचे उत्पादक दर १०१४ (एकावर चौदा शून्ये) बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरतात, म्हणजे साधारण १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून बरी वागते, पण एवढ्या छोट्या संग्रहासाठी हा हिशेब करत बसायचे कशाला? मिररमध्ये नवी डिस्क घातली की झेडएफएस फक्त भरलेला भाग उतरवते. पुढे जागा कमी पडली तर आणखी दोन डिस्कची जोडी लावायची. दोन डिस्क एकाच खोक्यातल्या नकोत, वेगवेगळ्या दुकानांतून घ्याव्यात. 'एसएमआर' प्रकारच्या घेऊ नयेत. त्यांचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, आणि पुनर्बांधणीच्या वेळी त्या फार रेंगाळतात.

आता एक खास आपली अडचण. या फाइल सिस्टिम्समध्ये फाइलच्या नावाला नेहमीची मर्यादा २५५ बाइटची असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे हाती येतात ८५ चिन्हे, आणि 'घराणे, गाव, शक, विषय' असे सगळे नावात कोंबायची आपली सवय तिथे अडते. दुसरे म्हणजे ऱ. हे अक्षर एकाच सांकेतांकाने लिहिता येते, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन मिळूनही. दिसायला तेच. पण 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात आणि शोधणाऱ्याला त्यातला एकच सापडतो. झेडएफएसमध्ये यासाठी 'नॉर्मलायझेशन' अशी सोय आहे, ती चालू केली की दोन्ही रूपे एकच धरली जातात. मात्र ती संग्रह तयार करतानाच ठरवावी लागते, मागून बदलता येत नाही. स्कॅन भरायच्या आधी हे पाहून घ्या.

बाकी मांडणी थोडक्यात. एलझेड४ दाबणी चालू ठेवावी, डीडुप्लिकेशन नको, कारण त्याला मेमरी फार लागते. यूपीएस हवाच. रोज एक स्नॅपशॉट घ्यावा: एखाद्या स्वयंसेवकाच्या हातून फोल्डर पुसला गेला तर कालची स्थिती परत मिळते. मिरर इथे उपयोगी पडत नाही, कारण तो पुसणेही दोन्हीकडे इमानाने करतो.

आणि विश्वामित्री आहे. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात पाणी शिरले. तळमजल्यावरच्या एकाच पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे पुरासाठी एकच डिस्क. पेटी वरच्या मजल्यावर न्यावी, आणि तिसरी प्रत गावाबाहेर असावी. बाहेरच्या एका डिस्कवर झेडएफएसच बसवून दर तिमाहीला फक्त नवे स्नॅपशॉट पाठवले की ती अद्ययावत होते. एकटी डिस्क स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, पण काय बिघडले ते फाइलच्या नावानिशी सांगते. वर्षातून एकदा ती मागवून जोडावी, स्क्रब लावावा आणि मधलाच एखादा रुमाल उघडून पाने डोळ्यांनी पाहावीत.