कुलूप कोणाला?

महाविद्यालयात एखाद्या मुलीची कोणी छेड काढली, की आपल्याकडे पहिला निर्णय होतो तो त्या मुलीविषयीच. तिचे शिक्षण थांबवा. निदान वसतिगृहाचे दार लवकर बंद करा! अपराध एकाचा आणि कुलूप दुसऱ्याला, हा कोठला न्याय? मुली घरी बोलत नाहीत, त्या बहुधा या कुलपाच्या भीतीनेच, असे आम्हांस वाटते.

कायद्याने वेगळा मार्ग आखून दिला आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात त्याचा पाया घातला. २०१३ साली संसदेने कायदा केला. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती आवश्यक ठरविली. समितीची अध्यक्ष स्त्री, निदान निम्मे सभासद स्त्रिया, एक सभासद बाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर ३ निवडलेले विद्यार्थीही. कुलगुरू, विभागप्रमुख यांना मात्र तेथे जागा नाही. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. लिहिणे जमत नसेल तर समितीने साहाय्य करावयाचे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावयास हवी.

हेच विनियम असेही बजावतात की, सुरक्षिततेचे निमित्त करून वसतिगृहात मुलींना मुलांहून जाचक नियम लावू नयेत.

समिती महाविद्यालयात असली, तरी तिच्याकडे जाणारी पहिली पायरी आपल्या घरात आहे. "तू तिथे गेलीसच का?" हा प्रश्न आपण सोडून देऊ या. "चल, तक्रार लिहू," एवढेच म्हणू या.