आजीची चाल मोजून पाहा

आजी हळू चालू लागली की आपण गुडघ्यांना दोष देतो. पण चालण्यात मेंदूचंही काम असतं. विसरभोळेपणा आणि मंद चाल दोन्ही दिसत असतील, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त.

गल्लीत सपाट जागी खडूने 4 मीटर आखा. आजीला नेहमीसारखं चालू द्या. हाताशी एकजण हवाच, पडली तर नवीन दुखणं. 5 सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद. मग चालता चालता 100 पासून उलटे आकडे म्हणायला सांगा. आकडे येत नसतील तर प्राण्यांची नावं. बोलताना पाय थांबतात का? आम्हाला सेकंदांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे निदान नव्हे. दवाखान्यात मात्र नुसतं ‘वय झालं’ म्हणू नका. हे सगळं सांगा आणि बी-12, थायरॉइडची तपासणी करायची का ते विचारा. त्यांतले दोष औषधाने सुधारू शकतात.