मैदान बंद असतानाचा खेळ



अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो, आणि डोक्याला शिरस्त्राण व खांद्यांना गाद्या बांधलेले अकरा गडी समोरच्या अकरांना रेटीत तो पुढे नेतात. खेळाची एवढी ओळख आज पुरे. मला बोलायचे आहे ते मैदाने बंद असताना या धंद्यात काय घडते आणि त्यावर तेथील शौकीन काय बोलतात, याविषयी.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना होतो आणि नवा हंगाम सप्टेंबरात उजाडतो. मधल्या सात महिन्यांत मोलाचा असा एकही सामना नाही. तरीही वर्तमानपत्रांची क्रीडापाने आणि रेडिओवरचे वाद याच खेळाने भरलेले असतात. मार्चमध्ये करार संपलेले गडी नवा संघ गाठतात. एप्रिलअखेर कॉलेजांतील नव्या गड्यांची संघांत वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. जुलैत सरावशिबिरे भरतात आणि ऑगस्टच्या शेवटी छाटणी होते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर बदली, भरती, पगारवाढ आणि कपात. माझे आयुष्य या चार शब्दांत गेले, म्हणूनच हा विषय घेण्याचे धाडस केले. या बातम्या खेळाच्या म्हणून छापल्या जातात. पण त्या मालक आणि मजूर यांच्या व्यवहाराच्या बातम्या म्हणून वाचल्या तरच उलगडतात, आणि शौकिनांची मते तर अधिकच.

आधी भरती पाहू. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सारखा हरे आणि चांगले गडी श्रीमंत संघांकडे जात. बेल यांनी 1935 साली सुचवले की, जो संघ सर्वांत खाली असेल त्याने नव्या गड्यांतून पहिली निवड करावी, मग त्याच्या वरच्याने. 1936 च्या फेब्रुवारीत अशी पहिली वाटणी झाली. दुबळ्या संघाला बळ मिळावे हा हेतू खोटा नव्हता. पण त्याबरोबर दुसरेही साधले: एका गड्यासाठी दोन मालकांनी चढाओढ करण्याची सोय उरली नाही. गड्याने एक तर त्या एका मालकाशी बोलावे, नाही तर घरी बसावे. पहिल्या वाटणीत पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचे. त्याने मागितलेला पगार मालकाला परवडेना. गडी धंदेवाईक फुटबॉल एकही दिवस न खेळता रबराच्या धंद्यात नोकरीला गेला. पहिल्याच नेमणूकपत्राची ही गत.

आज ही वाटणी म्हणजे जत्रा असते. 2024 साली डेट्रॉइट शहरात ती झाली तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांची गर्दी मोजली गेली, आणि तीही नावे पुकारलेली ऐकायला! या गर्दीच्या मताचे काय मोल असते, त्याचा दाखला 1999 सालचा आहे. फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ केंद्राने तीसेक शौकीन बसने न्यूयॉर्कला नेले. त्यांना हवा होता चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स. संघाने निवडला डोनोव्हन मॅकनॅब, म्हणजे चेंडू फेकून सारा डाव चालवणारा क्वार्टरबॅक. शौकिनांनी त्याची भर सभेत हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने पुढे अकरा हंगाम त्या संघाची सेवा केली आणि 2005 साली संघाला सुपर बोलपर्यंत नेले. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिअन्सच्या संघाने त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी देऊन टाकल्या. त्याच्या कराराचा जाहीर आकडा डोळे दिपवणारा होता; पण त्यातील बराचसा भाग कामगिरीच्या अवघड अटींना बांधलेला होता. जाहीर आकडा आणि हाती पडणारा आकडा यांतील हे अंतर ध्यानात ठेवा.

आता बदली. करार संपला की माणूस मोकळा, असे आपल्याला वाटते. तेथे तसे नव्हते. बिल रॅडोविच नावाच्या डेट्रॉइटच्या गड्याने 1946 साली वडील आजारी म्हणून लॉस एंजेलिसला बदली मागितली. मालकाने नकार दिला. तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, तर पुढे दुसऱ्या एका संघातील नोकरीचे दार त्याला काळ्या यादीने बंद केले. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1957 साली न्यायालयाने सांगितले की, मक्तेदारीविरोधी कायदा फुटबॉललाही लागू आहे. त्याआधी वर्षभर, 1956 साली, खेळाडूंची संघटना उभी राहिली होती. तिच्या मागण्या ऐका: वर्षाला किमान पाच हजार डॉलर पगार, परगावी दैनिक भत्ता, साहित्य संघाच्या खर्चाने, आणि जायबंदी गड्याचा पगार चालू राहावा. आपल्याकडील कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रात शोभाव्यात अशा या मागण्या आहेत.

मालकांनी 1963 साली दुसरा अडसर घातला. करार संपलेला गडी कोणी घेतला, तर जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि ती किती हे लीगचे कमिशनर पीट रोझेल ठरवणार. कमिशनरची नेमणूक कोणी करायची? मालकांनी! जॉन मॅकी या संघटनेच्या अध्यक्षाच्या नावाने चाललेल्या दाव्यात 1976 साली न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. पुढल्याच वर्षीच्या करारात भरपाई दुसऱ्या वेषात परत आली.

1982 साली, मुंबईच्या गिरण्या बंद होत्या त्याच वर्षी, या खेळाडूंनी 57 दिवसांचा संप केला. उत्पन्नाचा 55 टक्के वाटा आम्हाला द्या, ही मागणी होती. ती मिळाली नाही. मग 1987 चा संप आला, आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. या वेळी मागणी होती मोकळेपणाने संघ बदलण्याची. मालकांनी एक आठवडा सामने रद्द केले आणि दुसऱ्या आठवड्यापासून बाहेरचे गडी आणून, त्यांना तेच गणवेश घालून मैदानात उतरवले. संपफोडे ते संपफोडेच, पण दूरचित्रवाणीवर शर्टाचा रंग तोच दिसत होता. येथे प्रश्न प्रेक्षकाचा आला. शर्ट पाहायचा की शर्टाच्या आतला माणूस? फिलाडेल्फिया हे युनियनवाल्यांचे शहर. तेथे ट्रकचालकांच्या संघटनेने दारांवर निदर्शने केली आणि भल्यामोठ्या मैदानात मोजून 4,074 प्रेक्षक आले. पण सर्व शहरे फिलाडेल्फिया नव्हती. डेन्व्हरसारख्या ठिकाणी हजारोंनी माणसे गेली. दूरचित्रवाणीचा पैसा वाहता राहिला, नामवंत खेळाडूसुद्धा एकेक करून परतू लागले, आणि 24 दिवसांनी संप मोडला.

यापुढे संघटनेने जे केले ते आमच्यापैकी अनेकांना पचणार नाही. अमेरिकन न्यायालयांचे धोरण असे की, मालक आणि युनियन यांच्यात वाटाघाटीचे नाते आहे तोवर मक्तेदारीचा कायदा मध्ये आणायचा नाही. म्हणजे युनियन हीच मालकाची ढाल झाली! तेव्हा 1989 साली संघटनेने आपली वाटाघाटीची मान्यता स्वतःहून सोडली आणि खेळाडू एकेकटे कोर्टात गेले. 1992 साली ज्यूरीने मालकांविरुद्ध निकाल दिला. 1993 साली तडजोड होऊन करार संपलेल्या गड्याला मोकळीक मिळाली, आणि रेजी व्हाइट हा नामांकित बचावपटू चार वर्षांच्या 1 कोटी 70 लाख डॉलरांवर ग्रीन बे पॅकर्स या संघात गेला. चौथ्या हंगामात त्या संघाने सुपर बोल जिंकला. संघटनाही पुन्हा उभी राहिली.

पण मोकळीक फुकट मिळाली नाही. तिची किंमत म्हणून वेतनाची कमाल मर्यादा आली. एका संघाने सर्व गड्यांच्या पगारावर वर्षाला अमुकच खर्च करायचा. 1994 साली ही मर्यादा 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 साली 27 कोटी 92 लाख. तिचा आकडा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेला आहे आणि खेळाडूंचा वाटा साधारण 48 टक्के पडतो. किमान खर्चाचेही बंधन आहे, हे मालकांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. लहान गाव मोठ्या शहरापुढे टिकते ते या व्यवस्थेमुळे, हेही खरे.

तिने शौकिनाच्या मनाचे काय केले? पूर्वी गड्याने जास्त पगार मागितला तर तो मालकाच्या खिशातून जाई. प्रेक्षकाला त्याचे सुखदुःख नसे. आता शौकीन हिशेब मांडतो: याला चार कोटी दिले तर त्याला काय उरणार? घासाघीस करणारा गडी त्याला लोभी वाटतो, कमी पगारावर सही करणारा संघनिष्ठ वाटतो. तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा हा माणूस बहुधा स्वतः पगारदार असतो. पण मार्च उजाडला की तो मालकाच्या कारकुनासारखी बेरीज-वजाबाकी करू लागतो. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत किती उरले हे घरोघर मोजले जाते, ते याच जातीचे आहे.

थैली खरोखर किती मोठी, हे कळण्याची एकच खिडकी आहे, ती ग्रीन बे येथे. लाखभर वस्तीच्या या गावाचा संघ कोणा धनिकाचा नाही. त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, भागाला लाभांश नाही, आणि लीगच्या आजच्या नियमांनुसार असा दुसरा संघ निघू शकत नाही. भागधारकांना हिशेब द्यावा लागतो म्हणून तो दरसाल जगाला दिसतो. मार्च 2025 मध्ये संपलेल्या वर्षी लीगच्या सामाईक उत्पन्नातून या संघाला 43 कोटी डॉलरांहून अधिक मिळाले. इतर संघांनाही हा वाटा सारखाच मिळतो. म्हणजे गावात एक तिकीट विकण्याआधीच पगाराच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक रक्कम पदरात! युनियनच्या माणसाला मालकाचा ताळेबंद असा उघडा क्वचितच मिळतो.

तरी शौकिनाचे मत नेहमीच मालकाकडे झुकते असे नाही. 2025 सालच्या उन्हाळ्यात डॅलस काउबॉइजचा मायका पार्सन्स करारासाठी अडून बसला. ड्राफ्टमधून आलेल्या गड्याचा पगार 2011 पासून तक्त्याने ठरतो. चार वर्षे तो बांधलेला, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवे वर्ष संघाच्या मर्जीवर. पार्सन्स त्या पाचव्या वर्षात होता. मालक जेरी जोन्स नमेनात, तेव्हा सरावशिबिराला आलेल्या डॅलसच्याच प्रेक्षकांनी ‘मायकाला पैसे द्या’ अशा घोषणा दिल्या. ऑगस्टअखेर तो ग्रीन बेला विकला गेला आणि तेथे त्याला चार वर्षांचा 18 कोटी 80 लाखांचा करार मिळाला. मी मात्र लगेच विचारतो, हमीचे किती? सहीच्या वेळी हमी होती ती 12 कोटींची. या धंद्यात इतका मोठा खेळाडूही पूर्ण करार हमीने मिळवू शकत नाही.

क्लीव्हलँडच्या संघाने 2022 साली देशॉन वॉटसनला पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले. त्याच्यावर अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे दावे लावले होते आणि पुढे अकरा सामन्यांची बंदीही आली. तो विषय वेगळा आणि गंभीर आहे. मालकांना सलली ती हमी. खेळाडूंच्या संघटनेने लवादाकडे तक्रार केली की, हमी देऊ नये असा मालकांनी कट केला. जानेवारी 2025 मध्ये लवादाने निर्णय दिला: लीगने संघांना हमी कमी करण्यास उत्तेजन दिले होते, पण संघांनी संगनमताने तसे केले हे पुराव्याने सिद्ध झाले नाही. आश्चर्य पुढेच आहे. हा निर्णय संघटनेने आपल्या सभासदांनाही सांगितला नाही. जून महिन्यात एका पत्रकाराने तो उघड केला आणि जुलैत संघटनेच्या प्रमुखाने राजीनामा दिला. त्याच्याविषयी इतरही तक्रारी होत्या. अर्धा विजय देणारा निकाल कपाटात ठेवायचा असेल तर वर्गणी कशासाठी गोळा करायची, हा प्रश्न मी कोणत्याही देशातील युनियनला विचारीन.

शेवटी कपात. सरावशिबिरात प्रत्येक संघाकडे नव्वद गडी असतात. ऑगस्टअखेर एकाच दिवशी ते त्रेपन्नावर आणायचे. बत्तीस संघांत मिळून हजाराहून अधिक माणसे त्या दिवशी घरी जातात. काहींना सरावापुरते कमी पगारावर परत घेतात. त्या दिवशी शौकीन कोण राहिले याची यादी वाचतात. बाकीच्यांचे नाव बातमीत एकदाच येते. चार हंगाम पुरे केलेला जुना गडी पहिल्या सामन्याच्या यादीत असेल तर त्या वर्षाचा त्याचा पगार पक्का होतो, असा नियम संघटनेने मिळवलेला आहे. म्हणून काही संघ अशा गड्याला पहिल्या सामन्याआधी मोकळे करतात आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावतात. आपल्याकडे 240 दिवस भरू नयेत म्हणून हंगामी कामगाराला मध्येच सुट्टी देतात, तसेच हे. फरक इतकाच की, तेथे त्यावर रेडिओवर तासभर चर्चा होते, आणि व्यवस्थापकाने शहाणपणाने पैसे वाचवले असे बहुतेक जण म्हणतात.