माथ्यावरून पायथ्याकडे : कडवंचीची तीन दशके

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण जुनी आहे आणि ती मुळात बाजारपेठेची आहे. कापूस, सरकी, गूळ, धान्य यांची उलाढाल या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालली. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच ‘महिको’ स्थापन केली आणि जालना बियाण्यांची राजधानी म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे पोलादाचे कारखाने आले. 1 मे 1981 रोजी स्वतंत्र जिल्हाही झाला. पण शहराची वेस ओलांडली की या सोन्याचा रंग उतरत असे. सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागले की मुरमाड टेकड्या, उघडे माळ आणि पाऊस संपताच कोरडे पडणारे ओढे.

त्या टेकड्यांमधलेच एक गाव कडवंची.

1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांना खडी फोडायला बसवले. त्या काळात गावोगाव पाझर तलाव झाले, रस्ते झाले. रोजगार हमीने माणसे जगवली, हे तिचे ऋण मान्यच करायला हवे. पण कामे नकाशावर जागा दिसेल तिथे झाली. वरच्या उघड्या माळावरून माती वाहत राहिली आणि खालचे तलाव गाळाने भरत गेले. नव्वदच्या दशकापर्यंत कडवंचीसारख्या गावात खरिपाची बाजरी, थोडा कापूस, आणि उन्हाळ्यात मजुरीसाठी जालन्याची वाट, असे वर्षाचे गणित होते.

हे गणित बदलायला 1996 मध्ये सुरुवात झाली. नाबार्ड आणि जर्मन सरकार यांच्या मदतीचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम तेव्हा राज्यात रुजत होता. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंनी नगर भागात त्याची पायाभरणी केली होती. जालन्यात हे काम मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने अंगावर घेतले. विजयअण्णा बोराडे हे त्याचे नेतृत्व, आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र हा त्याचा तांत्रिक कणा. क्षेत्र 1,888 हेक्टरचे. पाच-सहा वर्षे काम चालले आणि खर्च सव्वा कोटीच्या आसपास आला.

या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या. आधी श्रमदान करून दाखवा, मग निधी. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतःहून पाळायची. शेळ्या-मेंढ्या मोकळ्या सोडणाऱ्या घरांना ही बंदी किती जड गेली असेल, याची कल्पना गावात राहिलेल्या माणसालाच येईल. शिवाय आराखडा कार्यालयात बसून करायचा नाही. गट नंबर घेऊन शेतकरी नवरा-बायकोला त्यांच्याच बांधावर उभे करायचे, उतार किती, माती किती खोल, पाणी कुठून येते हे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आणि तिथेच ठरवायचे की इथे ताल घालायची, इथे चर, इथे झाड. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावरचे सलग समतल चर आणि झाडोरा, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि नाला बांध सगळ्यात शेवटी.

हा क्रम ऐकायला साधा वाटतो. प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. बंधारा दिसतो, त्याचे उद्‌घाटन करता येते. डोंगरावरच्या चरांचे उद्‌घाटन कोणी करत नाही. कडवंचीत चर आधी झाले, म्हणून नाले गाळाने भरले नाहीत आणि विहिरींना पाणी आले.

पण पाण्याचे पैसे आपोआप होत नाहीत. मराठवाड्यात पाणी आलेली गावे बरीच आहेत, त्या पाण्यावर टिकाऊ उत्पन्न उभे केलेली थोडी. कडवंचीत निधी संपल्यावरही खरपुडीचे शास्त्रज्ञ येत राहिले, हा खरा फरक. द्राक्षाचा मांडव उभारायचा कसा, एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यांत काय सांभाळायचे, ठिबकमधून खत किती द्यायचे, हे हातात हात घेऊन शिकवले गेले. केंद्रातल्या मासिक चर्चासत्रांत शेतकरी एकमेकांना जमाखर्च सांगू लागले. आधी थोड्या घरांनी धाडस केले, मग शेजाऱ्यांनी. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आल्यावर प्लास्टिकच्या अस्तराची शेततळी वाढली आणि त्यांची संख्या काहीशेवर गेली. नाशिकच्या नावाने ओळखले जाणारे पीक जालन्याच्या मुरमाड रानात स्थिरावले. बागेला बारमाही हात लागतात, त्यामुळे मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या गावात बाहेरचे मजूर येऊ लागले.

2012-13 चा दुष्काळ ही या कामाची परीक्षा होती. जालना तेव्हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी वर्षानुवर्षे जपलेली झाडे सरपणासाठी तोडली. कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र तगल्या. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने 2012 मध्ये अभ्यास केला, तेव्हा 1996 मध्ये सुमारे 40 हजार असलेले कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या पुढे गेलेले आढळले.

जिल्ह्यात इतरही वाटा निघाल्या. 2016 मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांना रेशीमकोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागे. 2018 मध्ये राज्यातली पहिली कोष बाजारपेठ जालन्यात सुरू झाली आणि तो फेरा वाचला. बाजार जवळ आला की लहान शेतकऱ्याच्या हाती किती उरते, याचे हे चोख उदाहरण आहे. जलयुक्त शिवार आणि पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) या सरकारी योजनांनीही गावांत पैसा आणला. मात्र ज्या योजनेत वर्षाच्या आत उद्दिष्ट पूर्ण करायचे असते, तिथे बांधावर उभे राहून बोलायला वेळ कोणाकडे असतो?

कडवंचीचे कौतुक करताना एक काळजी झाकू नये. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे अशी मूळ कल्पना. अनेक गावांत ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले जाते. जमिनीखालचे सर्वांचे पाणी मग एकाच्या तळ्यात साठते, उन्हात काही उडून जाते, आणि ज्याच्याकडे तळ्यापुरतीही जमीन नाही त्याची विहीर आधी आटते. ज्यांना शेततळ्याने तारले त्यांच्या गावातच हा प्रश्न उद्या उभा राहू शकतो. शिवाय द्राक्ष हे खर्चिक पीक. एक गारपीट, एक पडलेला बाजार आणि कर्ज डोक्यावर.

नगर भागातल्या हिवरे बाजार या गावाने पावसाचे मोजमाप करून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावरून पिके ठरवायची रीत घातली. चराईबंदी पाळून दाखवलेल्या कडवंचीला ही शिस्त नवी नाही. जालन्यातल्या ज्या गावांत शेततळी झाली आहेत, त्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने येत्या दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून हा ताळेबंद मांडावा, आणि भूमिहीन व अल्पभूधारक घरांना त्या बैठकीत पहिल्या रांगेत बसवावे.